सत्त्याण्णवावा सेकंद

प्रयोगशाळेतल्या खुर्चीचा स्क्रू झिजला नसता, तर वेदश्री कित्तूरकरचा प्रबंध एकतीस जुलैला मुकाट्याने सादर झाला असता, आणि ऑगस्टमध्ये त्याच संस्थेतल्या अध्यापकपदाच्या मुलाखतीला ती बसली असती. प्रबंध सादर केल्याचे प्रमाणपत्र हाती असल्याशिवाय त्या मुलाखतीचे दार उघडत नव्हते, आणि मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध स्वीकारला जात नव्हता. पाच वर्षांची मेहनत आता एका सहीवर येऊन ठेपली होती.

धारवाडच्या सप्तापुरातल्या एका जुन्या बंगल्यात चालणाऱ्या त्या संशोधनसंस्थेत ती एकाच प्रश्नामागे होती: हलती चित्रे पाहताना माणसाचे लक्ष कशाने बांधले जाते, आणि त्यात भावनेचा वाटा किती. पद्धत अशी. माणसाला खुर्चीत बसवायचे, विद्युत-संदेश टिपणाऱ्या बत्तीस चकत्या शिवलेली टोपी त्याच्या डोक्यावर चढवायची आणि त्याला चार चित्रफिती दाखवायच्या. पहिली दुःखाची, दुसरी भीतीची, तिसरी आनंदाची, आणि चौथी तटस्थ, म्हणजे जिच्यात मन हलावे असे काहीही नाही अशी. माणूस निवांत असतो तेव्हा त्याच्या मेंदूच्या मागच्या भागातून संथ, उंच लाटा उमटत राहतात. शास्त्रात त्यांना अल्फा म्हणतात. चित्राने त्याला धरले की त्या लाटा बसतात. तटस्थ फितीत त्या किती उंच राहतात ते आधी मोजायचे, आणि उरलेल्या तिन्ही फितींचा परिणाम त्या उंचीच्या तुलनेत ठरवायचा. तटस्थ फीत हा या सगळ्या मोजमापाचा ओळंबा होता. ओळंबाच तिरका निघाला, तर भिंत सरळ आहे हे कोणाच्या भरवशावर सांगायचे?

हा चित्रसंच वेदश्रीचे मार्गदर्शक डॉ. श्रीहरी नवलगुंदकर यांनी अकरा वर्षांपूर्वी स्वतः चित्रित करून तयार केला होता आणि तो इतर ठिकाणच्या प्रयोगशाळाही वापरत होत्या. त्यातली तटस्थ फीत नव्वद सेकंदांची होती. हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात धातू कातायची लेथ फिरते आहे, लेथवर पोलादाची सळई फिरते आहे, पोलादाचा कीस निघतो आहे. आवाज काढून टाकलेला. चाळीस विद्यार्थ्यांनी ती फीत पाहिली होती आणि चाळीसही जण यथाशास्त्र कंटाळले होते.

संस्थेच्या समितीने मात्र एक अट घातली होती: दहा माणसे महाविद्यालयाबाहेरची हवीत. नऊ मिळाली. दहावा माणूस खुर्चीच्या निमित्ताने आला.

शंकर मिरजकर गोकुळ रोडवरचा टर्नर. वय चोपन्न, त्यातली एकतीस वर्षे लेथसमोर उभ्याने गेलेली. खुर्चीसाठी नवा स्क्रू आटे पाडून त्याने तयार केला आणि बसवायलाही तोच आला. काम झाल्यावर त्याने खुर्ची तीनदा पुढेमागे हलवली, कान देऊन ऐकले आणि मग विचारले, "अक्का, ह्या खुर्चीत बसून माणूस करतो तरी काय?"

"सिनेमा बघतो, शंकरअण्णा."

"फुकट?"

"फुकट. वर चहा."

"मग खुर्ची मोडणार नाही तर काय होणार!"

वेदश्री हसली, आणि त्याच हसण्यात तिने त्याला बसण्याची विनंती केली. संमतिपत्र त्याने ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचले. इतरांपैकी तसे कोणी वाचले नव्हते. अडचण आली ती तेलाची. तेल असले की चकत्या डोक्याला नीट टेकत नाहीत.

"डोकं धुवावं लागेल," ती म्हणाली.

"सकाळीच पार्वतीनं चांगलं चोपडून दिलंय हो. बायकोनं लावलेलं तेल परक्या घरी धुतलं म्हणून सांगू काय तिला? लेखी द्या बघू."

तिने खरोखरच संस्थेच्या कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला, नळाखाली डोके धुतले आणि तो येऊन बसला.

पहिली फीत बसस्थानकावर एकट्या बसलेल्या म्हातारीची होती. तिला न्यायला येणारे कोणी येत नाही आणि शेवटी ती रडते. चाळीस विद्यार्थ्यांच्या लाटा या ठिकाणी बसल्या होत्या. शंकरच्या लाटा जशा होत्या तशाच राहिल्या. भीतीच्या फितीत त्या थोड्या बसल्या, आनंदाच्या फितीत तळ्यात उड्या मारणारी मुले पाहून त्याहून थोड्या अधिक. मग लेथ आली.

अडतिसाव्या सेकंदाला शंकरच्या अल्फा लाटा अशा बसल्या, की वेदश्रीला आधी वाटले तार सुटली. तार सुटली नव्हती. डाव्या बाजूला, उजव्या हाताच्या हालचालीचा कारभार जिथे चालतो तिथली लयही त्याच क्षणी मंदावली होती. हात तर मांडीवर स्वस्थ होता. एकाहत्तराव्या सेकंदाला शंकर खुर्चीत पुढे सरकला. नव्वदाव्या सेकंदाला पडदा काळा झाला.

"पुढं?" शंकर म्हणाला.

"पुढं काही नाही. संपली."

"संपली कशी? टूल मोडलं का नाही ते सांगा की!"

"कुठलं टूल?"

शंकरने टोपीसकट मान वळवली. पन्नास माणसांत पहिल्यांदाच कोणी तिच्याकडे असे कीव आल्यासारखे पाहिले होते. "कुठलं काय? अहो, त्या बाबानं कापायचं टूल सळईच्या सेंटरच्या खाली बांधलंय, वर इतकं बाहेर काढलंय," त्याने वीतभर अंतर दाखवले, "आणि गार ठेवायला साबणपाणी सोडलेलं नाही. कीस निळा पडत चाललाय, जॉबवर, त्या सळईवर, लाटा उठल्यात. ते आता घुसणार आणि मोडणार. माझा हात टूल मागं घ्यायला चाक उलटं फिरवायला शिवशिवतोय, आणि तुम्ही दिवा घालवता! अय्यो, असला सिनेमा दाखवू नका कुणाला. जीव जातो."

"आणि पहिली? ती म्हातारी?"

"ती? ती रडायच्या आधी पदर कुठं आहे ते बघून घेते. नाटकवाली आहे." त्याने चहा संपवला. "बरी करते, पण नाटकवाली."

त्या दिवशी दुपारी वेदश्रीने संस्थेच्या जुन्या साठवणीतून अकरा वर्षांपूर्वीचे मूळ चित्रण शोधून काढले. ते चार मिनिटांचे होते, त्याला आवाज होता, आणि तटस्थ फीत म्हणजे त्याचीच पहिली नव्वद सेकंदे होती. ती घड्याळाकडे पाहत बसली. एक्क्याण्णव, ब्याण्णव. लेथची घरघर किंचित जाड झाली. सत्त्याण्णवाव्या सेकंदाला काहीतरी टणकन तुटले, टूलच्या टोकाचा तुकडा कॅमेऱ्याच्या बाजूने उडाला, चालवणाऱ्याचा हात झटक्याने मागे गेला, आणि त्यापाठोपाठ एक कन्नड शिवी ऐकू आली, जी संस्थेच्या कोणत्याही अहवालात येण्याजोगी नव्हती. वेदश्रीने चित्रण मागे नेऊन तीनदा पाहिले. अडतिसाव्या सेकंदाशी ती थांबली. पोलादाचा पांढरा कीस तिथे पहिल्यांदा निळसर दिसत होता. पाच वर्षांत ही फीत तिने किमान दोनशे वेळा पाहिली असेल. तो रंग तिने पाहिला नव्हता.

बुधवारी ती नवलगुंदकर सरांसमोर बसली. सर वाईट गृहस्थ नव्हते. पहिल्या वर्षी तिला आकडेशास्त्र त्यांनीच शिकवले होते, रविवारी घरी बोलावून, पत्नी शालिनीवहिनींच्या हातचे थालीपीठ खाऊ घालून. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पन्नास नंबर उडव."

"का, सर?"

"माणूस हलला आहे. स्नायूंची खळबळ लाटांत मिसळते, हे तुला मी सांगायला हवं का?"

"तो हलला एकाहत्तराव्या सेकंदाला. लाटा बसल्या अडतिसाव्या. मधली तेहतीस सेकंदं तो दगडासारखा बसलेला आहे. मी नंतरचा भाग कापून पुन्हा मोजलं. निष्कर्ष तोच."

"पन्नासांत एक. अपवाद."

"अपवाद कशाला म्हणायचं, सर? त्याने सांगितलं टूल मोडणार, आणि मूळ चित्रणात ते मोडलं. सात सेकंदांनी. त्याच्या मेंदूने जे केलं ते चुकीचं नव्हतं. आपलं नाव चुकीचं आहे. ती फीत तटस्थ नाही."

मोडण्याची गोष्ट सरांना ठाऊक होती. त्या दिवशी कॅमेऱ्यामागे तेच उभे होते. "अगं, ते मोडलं म्हणूनच मी तिथे कापलं. मोडणं ही घटना झाली. तटस्थ फितीत घटना नको."

"घटना अडतिसाव्या सेकंदाला सुरू झाली होती. तुम्ही फक्त तिचा आवाज कापलात."

"सर्वसाधारण प्रेक्षकासाठी ती तटस्थच आहे, वेदश्री."

"हा सर्वसाधारण प्रेक्षक कोण? ज्यांनी लेथ जन्मात जवळून पाहिली नाही अशी चाळीस मुलं? इथून वीस किलोमीटरवर, एका रस्त्यावर, शेकडो माणसं रोज दहा तास हीच फीत पाहतात. ती असाधारण कशी झाली?"

"त्याचा त्या वस्तूशी वैयक्तिक संबंध आहे. तो वगळायचा असतो."

"मग एकोणीस नंबर वगळा." तिने वही उघडून पान त्यांच्यापुढे फिरवले. "ती मुलगी बसस्थानकाच्या फितीत हुंदके देऊन रडली. आजी आठवली म्हणाली. खुर्चीसकट हलली. तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात? फीत उत्तम काम करते आहे, असं म्हणालात. आजी आठवली तर ती भावना, आणि टूल मोडताना दिसलं तर तो बिघाड?"

सरांचा आवाज प्रथमच चढला. "तुला समजतं आहे का तू काय मागते आहेस? ओळंबा गेला तर तुझीच तीन प्रकरणं पुन्हा लिहावी लागतील. माझं सोड. एकतीस तारखेला नऊ दिवस आहेत. नोंद काढ, मी सही करतो, डॉक्टर हो, मग खुशाल या विषयावर स्वतंत्र निबंध लिही. कोण अडवतं?"

प्रस्ताव व्यवहार्य होता. त्यातला व्यवहार तिला पूर्ण दिसत होता, आणि तिला राग आला तो त्याच गोष्टीचा. "नोंद गैरसोयीची असेल तर ती दोनदा वाचा, हे पहिल्या वर्षी फळ्यावर कोणी लिहिलं होतं, सर?"

"मीच लिहिलं होतं," नवलगुंदकर म्हणाले. "तू तेव्हा फळ्यावरचं उतरवून घेत नसायचीस. आता एवढंच उतरवलंस होय?"

गुरुवारी ती चिगरी नावाच्या जलद बसने हुबळीला गेली आणि रिक्षा करून गोकुळ रोडवर, जेवणाच्या सुट्टीत, शंकरच्या कारखान्यात पोहोचली. एका नोंदीने उरलेल्या एकोणपन्नासांचा पराभव होत नाही, ही सरांची बाजू तिला मान्य होती. तेव्हा नोंदी वाढवणे हे तिचे काम होते. परवानगी साठ जणांची होती, झाले होते पन्नास. डब्याभोवती बसलेल्या माणसांना तिने रविवारी धारवाडला येण्याची विनंती केली. कोणती फीत दाखवणार, ते मुद्दाम सांगितले नाही. शंकरलाही तोंड बंद ठेवण्याची शपथ घातली.

"डोकं धुऊन या म्हणतात," शंकरने तेवढेच जाहीर केले. "बायको ओरडली तर अक्का चिठ्ठी देतात. माझ्याकडं आहे, बघा." आणि खिशातला घडीचा कागद त्याने सर्वांना फिरवून दाखवला.

रविवारी सात जण आले. सहा जण हाताने चालवायच्या जुन्या लेथवर वाढलेले. सातवा रोहित, सव्वीस वर्षांचा, संगणकावर चालणाऱ्या यंत्रावरच शिकलेला. त्याला शंकर येता-जाता टोचत होता. "हा बटन दाबतो आणि मोबाईल बघतो. ह्याला काय दिसायचंय!"

"तुमच्यापेक्षा दुप्पट माल काढतो, शंकरमामा."

"काढ की. बसल्या बसल्या काढ."

सहाही जणांच्या लाटा अडतीस ते चव्वेचाळीस सेकंदांच्या दरम्यान बसल्या. एक जण तर फीत चालू असतानाच "ब्याडरी, ब्याडरी!" म्हणजे 'नको, नको!' असे कन्नडमध्ये ओरडला आणि न हलण्याची अट मोडल्याबद्दल नंतर त्याने चारदा माफी मागितली. त्याचा ओरडल्यानंतरचा भाग वेदश्रीने काटेकोरपणे कापून टाकला. रोहितच्या लाटा मात्र विद्यार्थ्यांसारख्याच उंच आणि संथ राहिल्या. बाहेर आल्यावर त्याने जांभई दिली. शंकर खूश झाला, आणि त्याच्याहून अधिक वेदश्री. कारण टर्नर असणे पुरेसे नाही, ती चूक हाताला पूर्वी भेटलेली असावी लागते, हे त्या एका जांभईने जितके स्वच्छ सांगितले तितके सहा होकारांनी सांगितले नव्हते. रोहितची नोंद तिने पहिली लिहिली.

चार दिवसांत तिने एक नवे प्रकरण लिहिले. चित्र माणसाला धरते असे आपण म्हणतो, तेव्हा चित्राला धरण्यासाठी माणसाजवळ आधी काय असते, ते मोजल्याशिवाय ते विधान अपुरे आहे, अशा वाक्याने ते सुरू होत होते. जुनी तीन प्रकरणे खोटी ठरत नव्हती. ती कोणाविषयी खरी आहेत, एवढेच आता स्पष्ट लिहावे लागत होते. तिने तसे लिहिले, प्रत्येक आकड्यासमोर.

शुक्रवारी, एकतीस जुलैला, दुपारी तीन वाजता नवलगुंदकर सरांनी ते प्रकरण वाचून संपवले. वाचताना त्यांनी पेन्सिलीने दोन ठिकाणी आकड्यांतल्या चुका दुरुस्त केल्या. दुरुस्त्या बरोबर होत्या.

"काम चोख आहे," ते म्हणाले. "तळटीप कर."

"काय?"

"प्रकरण काढ. त्र्याहत्तराव्या पानावर तळटीप दे: काही कुशल कामगारांत तटस्थ फितीचा वेगळा परिणाम आढळला, त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावा. तीन ओळी. तुझा प्रामाणिकपणा राहतो, माझा संचही राहतो. आत्ता सही करतो. पाचपर्यंत कार्यालय उघडं आहे."

सही करण्याचे पान त्यांनी वर काढून ठेवले होते. पेनाचे टोपणही काढलेले होते. वेदश्रीने त्या पानाकडे पाहिले. तिचे नाव त्यावर ठळक अक्षरांत छापलेले होते, आणि नावाआधी जे 'डॉक्टर' लागायचे होते त्याची वाट तिची आई अंकोल्याला बसून गेली पाच वर्षे पाहत होती. सकाळीच फोन येऊन गेला होता, सही झाली की आधी देवाला सांग, मग मला.

"तळटीप देणार नाही, सर."

"हट्ट करतेस."

"हो. आठ माणसं स्वतःचा रविवार सोडून, डोकी धुऊन, चिठ्ठ्या घेऊन इथे आली. त्यातल्या सात जणांनी अडतिसाव्या सेकंदापासून जे पाहिलं ते तुम्ही अकरा वर्षांत पाहिलं नाही आणि मी पाच वर्षांत पाहिलं नाही. त्यांना मी पानाच्या खाली, बारीक टाइपात बसवणार नाही. प्रकरण म्हणून जाईल, नाहीतर प्रबंधच जाणार नाही."

"मग जाणार नाही." त्यांनी पेनाला टोपण लावले.

वेदश्रीने पिशवीतून दुसरा कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज. तो तिने आदल्या दिवशीच स्वच्छ अक्षरात लिहिला होता. कारणाच्या रकान्यात एकच वाक्य होते, लांब पण व्यवस्थित विरामचिन्हे दिलेले, आणि त्यात सरांविषयी एकही अनुदार शब्द नव्हता.

सरांनी तो दोनदा वाचला. "वर्ष जाईल तुझं."

"ठाऊक आहे."

"मुलाखत गेली. ती जागा पुन्हा निघेल याचा भरवसा नाही."

"तेही ठाऊक आहे. ती जागा मिळाली असती, तर पुढची तीस वर्षं मी मुलांना हीच फीत तटस्थ म्हणून दाखवली असती."

"एका टर्नरसाठी हे सगळं?"

"सात टर्नर, सर. आणि आठवा, ज्याला काहीच वाटलं नाही, तोही."

त्यांनी अर्जाच्या तळाशी, जिथे ना-हरकत लिहायची तिथे, पेन टेकवले आणि उचलले. खिडकीबाहेर कोणाची तरी स्कूटर तीनदा किक मारूनही सुरू होत नव्हती. ते बराच वेळ तिकडे कान देऊन बसले. मग अर्जाकडे न पाहता म्हणाले, "मला एक सांग. त्या दिवशी मी तिथे चार हातांवर उभा होतो. आवाज मला ऐकू येत होता, वास येत होता. मला काहीही कळलं नाही. आणि ह्या माणसाला, आवाजाशिवाय, एवढ्याशा पडद्यावर, ते कळलं कसं?"

"ते मी प्रकरणात लिहिलं आहे, पण माझ्यापेक्षा त्यालाच विचारा," वेदश्री म्हणाली. "गोकुळ रोडला जावं लागेल. जेवणाची सुट्टी एक वाजता होते." तिने अर्ज त्यांच्या हाताजवळ नीट सरकवला. "आणि परत आलात की डोकं धुऊन खुर्चीत बसा, सर. परवानगी साठ जणांची आहे. अजून तीन जागा शिल्लक आहेत."